अनुकार्य कोण? : पूर्वकथापटांतील संगणकनिर्मित नट

१

सांगून झालेल्या कथेच्या मागे जाऊन तिची पूर्वकथा सांगण्याची प्रथा आख्यानपरंपरेला नवी नाही. शब्दांत सांगितलेल्या कथेला त्यासाठी फारसे सायास पडत नाहीत. वृद्ध नायकाचे तारुण्य रंगवायचे असेल तर कादंबरीकाराला वाक्ये लिहिण्यापलीकडे काही करावे लागत नाही. चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. चित्रपटाला शरीर लागते; आणि ज्या शरीराने ते पात्र प्रथम साकार केले ते मधल्या काळात वृद्ध झालेले असते किंवा निवर्तलेले असते. कथेचा काळ मागे नेता येतो, नटाचा काळ मागे नेता येत नाही. पूर्वकथापटाच्या रचनेतील ही मूलभूत विसंगती होय.

ही विसंगती आजवर दोन मार्गांनी हाताळली गेली. एक तर दुसरा नट घ्यायचा, नाहीतर रंगभूषेचा आधार घ्यायचा. २०१० च्या सुमारास तिसरा मार्ग व्यवहारात आला. परिचित नटाचा चेहरा संगणकावर घडवून तो दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरावर बसवायचा, हा तो मार्ग. विज्ञानकथापटांनी तो सर्वांत आधी आणि सर्वांत उत्साहाने स्वीकारला. त्याविषयीची बरीचशी चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरताना दिसते : हा चेहरा हुबेहूब साधला आहे काय, आणि असे करणे नैतिक आहे काय. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या आधी येणारा एक प्रश्न नाट्यसिद्धान्ताचा आहे आणि तो सहसा विचारला जात नाही. अशा प्रसंगी पडद्यावर नेमके कोणाचे अनुकरण चाललेले असते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

विवेचनासाठी 'रोग वन' (२०१६) हा गॅरेथ एडवर्ड्स दिग्दर्शित चित्रपट विशेष सोयीचा आहे. 'स्टार वॉर्स' मालिकेतील पहिला, जॉर्ज लुकस दिग्दर्शित चित्रपट १९७७ चा. 'रोग वन'ची कथा त्या चित्रपटाच्या अगदी उंबरठ्यावर येऊन थांबते. साहजिकच जुन्या चित्रपटांतील काही पात्रे नव्या चित्रपटात येणे अपरिहार्य होते. ही पात्रे आणताना निर्मात्यांनी एकच एक पद्धत वापरली नाही. एकाच प्रश्नाला एकाच चित्रपटात तीन उत्तरे दिलेली आढळतात.

पहिले उत्तर मॉन मॉथ्मा या विद्रोही पक्षाच्या नेत्या स्त्रीच्या बाबतीत दिसते. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये ही भूमिका कॅरोलिन ब्लॅकिस्टन यांनी केली होती. 'रोग वन'मध्ये ती जेनेव्हीव्ह ओ'रायली यांनी केली. नट बदलला, पात्र राहिले. दुसरे उत्तर विद्रोह्यांच्या दोन वैमानिकांच्या बाबतीत दिसते. १९७७ च्या चित्रपटासाठी चित्रित झालेली, पण त्यात न वापरलेली त्यांची दृश्ये नव्या युद्धप्रसंगात योजण्यात आली. तेथे नट तोच आहे आणि त्याचा क्षणही तोच आहे. बदलला आहे तो फक्त संदर्भ.

तिसरे उत्तर टार्किनचे. साम्राज्याचा हा उच्चाधिकारी १९७७ च्या चित्रपटात एका संपूर्ण ग्रहाच्या विध्वंसाची आज्ञा विलक्षण थंडपणे देतो. पीटर कुशिंग या ब्रिटिश नटाने ती भूमिका केली होती. कुशिंग १९९४ मध्ये निवर्तले. 'रोग वन'च्या चित्रीकरणात टार्किनची भूमिका गाय हेन्री या नटाने केली. चेहऱ्याच्या हालचाली टिपण्यासाठी त्यांच्या चेहऱ्यावर खुणांचे ठिपके लावलेले होते. पुढे 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या संस्थेच्या तंत्रज्ञांनी त्यांच्या चेहऱ्याच्या जागी कुशिंग यांचा संगणकनिर्मित चेहरा बसवला. 'टॉप सीक्रेट!' (१९८४) या विनोदी चित्रपटासाठी कुशिंग यांच्या चेहऱ्याचा साचा घेण्यात आला होता, त्याचाही या कामी उपयोग झाला. आवाज मात्र हेन्री यांचाच आहे. चित्रपटाच्या अगदी शेवटी दिसणारी तरुण राजकन्या लेया हीदेखील याच पद्धतीने, इंगव्हिल्ड डेला यांच्या शरीरावर कॅरी फिशर यांचा तरुणपणीचा चेहरा बसवून साकारलेली आहे. फिशर तेव्हा हयात होत्या. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच, २७ डिसेंबर २०१६ रोजी, त्यांचे निधन झाले.

या तीन पद्धतींत तांत्रिक भेद आहे तसा तात्त्विक भेदही आहे. आंद्रे बाझाँ यांनी १९४५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात छायाचित्राचे सामर्थ्य त्याच्या साधर्म्यात नव्हे, तर वस्तूशी असलेल्या त्याच्या कार्यकारणसंबंधात पाहिले होते. वस्तूवरून आलेल्या प्रकाशाचा तो ठसा असतो. वैमानिकांची जुनी दृश्ये या अर्थाने ठसा आहेत. मॉन मॉथ्माच्या बाबतीतही पडद्यावर एका उपस्थित शरीराचा ठसा आहे, फक्त ते शरीर वेगळे आहे. टार्किनच्या बाबतीत जे शरीर कॅमेऱ्यापुढे उपस्थित होते त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही आणि जो चेहरा दिसतो तो कॅमेऱ्यापुढे कधीच उपस्थित नव्हता. बाझाँ यांच्या परिभाषेत हा ठसा म्हणता येत नाही. मग ते काय आहे? त्याला अभिनय म्हणावे काय? येथे आपल्याकडील रसचर्चा उपयोगी पडते.

३

भरताच्या रससूत्रावरील श्रीशंकुकाचे विवेचन स्वतंत्र ग्रंथरूपाने उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त दिलेल्या सारांशावरूनच ते आपल्याला परिचित आहे. रामाची भूमिका करणाऱ्या नटाविषयी प्रेक्षकाला होणारी प्रतीती ही व्यवहारातील चार प्रतीतींहून वेगळी असते, असे शंकुकाचे म्हणणे. 'हा रामच आहे' अशी सम्यक् प्रतीती तेथे नसते. 'राम वाटला खरा, पण हा राम नव्हे' अशी मिथ्याप्रतीती नसते. 'हा राम असेल की नसेल' हा संशय नसतो आणि 'हा रामासारखा आहे' असे सादृश्यज्ञानही नसते. चित्रातील घोडा पाहून आपण त्याला घोडा म्हणतो, आणि तसे म्हणताना खरा की खोटा हा प्रश्न आपल्याला पडत नाही. नाट्यप्रतीती याच जातीची असते. चित्रतुरगन्याय या नावाने हा विचार आपल्या काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे.

आता 'रोग वन'मधील टार्किन पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनःस्थितीचा विचार करावा. ज्याला कुशिंग यांचा मृत्यू ठाऊक नाही तो म्हणतो, 'हे कुशिंगच आहेत.' ज्याला ठाऊक आहे तो म्हणतो, 'वाटले खरे, पण हे कुशिंग नव्हेत.' तिसऱ्याला शंका येते की हे जुने चित्रीकरण आहे की नवी घडवणूक. चौथा ओठांची हालचाल न्याहाळतो आणि 'पुष्कळसे त्यांच्यासारखे आहे' असा अभिप्राय देतो. शंकुकाने नाट्यप्रतीतीतून वगळलेल्या चारही प्रतीती येथे एकामागून एक हजर होतात. विशेष म्हणजे या चारही प्रतीतींचा विषय टार्किन हा नाहीच. त्यांचा विषय कुशिंग हा आहे. चित्रातील घोडा पाहता पाहता प्रेक्षक घोडा विसरतो आणि दुसऱ्याच एका चित्राशी ते चित्र ताडून पाहू लागतो.

असे का व्हावे, याचे उत्तर शंकुकावरील आक्षेपांत सापडते. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी अनुकरणवादावर घेतलेला एक आक्षेप असा की, अनुकरण हे अनुकरण म्हणून कळायला मूळ वस्तू आधी पाहिलेली असावी लागते. आणि रामाला तर कोणत्याच प्रेक्षकाने पाहिलेले नाही. रंगभूमीच्या संदर्भात हा आक्षेप बिनतोड आहे. पूर्वकथापटात मात्र परिस्थिती पालटते. येथे प्रेक्षकाने 'मूळ' पाहिलेले असते, अनेकदा कित्येक वेळा पाहिलेले असते. परंतु त्याने जे पाहिले तो टार्किन नव्हता. तो कुशिंग यांनी केलेला टार्किन होता. टार्किन हा कुठेही अस्तित्वात नसलेला, केवळ संहितेतला पुरुष. म्हणजे पूर्वी जो अनुकर्ता होता तोच आता अनुकार्याच्या जागी जाऊन बसतो. पात्राचे अनुकरण थांबते आणि नटाचे अनुकरण सुरू होते. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

४

या स्थानांतराचे परिणाम चित्रपटाच्या अर्थावर होतात. एक परिणाम टार्किनच्या प्रवेशातच दिसतो. तो प्रथम पाठमोरा उभा आहे. समोरच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पुसट दिसते. मग तो वळतो. दृश्याची ही रचना ओळख पटवण्याची रचना आहे. अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या कथानकात अभिज्ञानाला महत्त्वाचे स्थान दिले, पण ते अभिज्ञान पात्रांना होते आणि त्यामुळे कथानकाची दिशा बदलते. येथे दृश्यातल्या कोणत्याही पात्राला काहीही नव्याने ओळखू येत नाही. टार्किनसमोर उभा असलेला अधिकारी त्याला रोजच पाहत असणार. ओळख पटते ती प्रेक्षकाला, आणि तीही 'हे ते जुने नट' एवढीच. कथानक क्षणभर थांबते, प्रेक्षकाच्या स्मरणाला सलामी देते आणि पुढे चालू लागते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पूर्वकथेचे प्रयोजन काय असते? शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या आयुष्यात तो शेवट अजून निश्चित झालेला नव्हता असा काळ दाखवणे. टार्किन दुसऱ्याच्या कर्तृत्वावर हक्क सांगतो, प्रचंड अस्त्र आपल्या ताब्यात घेतो. आणि त्याच अस्त्राबरोबर तो नष्ट होणार आहे हे आपल्याला १९७७ पासून माहीत आहे. या प्रसंगात मत्सर, महत्त्वाकांक्षा आणि आंधळेपणा यांना भरपूर वाव आहे. पण जो चेहरा मुळातच एका पूर्ण झालेल्या भूमिकेची प्रत आहे त्याला काही नवे होणे जमत नाही. कुशिंग यांनी जे केले होते त्याच्या मर्यादेबाहेर गेलेला प्रत्येक भाव 'हुबेहूब नाही' या सदरात जाण्याचा धोका असतो.

नटाची भूमिका ही त्या वेळच्या देहस्थितीतून आणि त्याच्या पूर्वायुष्यातून घडत असते. १९७७ च्या प्रेक्षकाने टार्किनमध्ये 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९५७) पासून भयपटांत पाहिलेले कुशिंग पाहिले. ती सभ्य, सुसंस्कृत निर्दयता त्यांच्याबरोबर या चित्रपटात आली. चित्रीकरणाच्या वेळी गणवेशाचे बूट त्यांना घट्ट होत होते. म्हणून त्यांनी सपाता घालून काम केले आणि कॅमेरा पायांच्या वर राहिला, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. टार्किनची ताठ, स्थिर आकृती अशा योगायोगांनाही काही देणे लागत असेल. अभिनय ही त्या त्या घटितांशी केलेली तडजोड असते. संगणकावर येतो तो तिचा निष्कर्ष. तिची प्रक्रिया तेथे येत नाही.

५

यावर एक आक्षेप संभवतो. विज्ञानकथेच्या विश्वात माणसाच्या चेहऱ्याची प्रत काढता येते, ही कल्पना कथाबाह्य नाही. मग संगणकनिर्मित चेहऱ्याला त्या विश्वात हरकत का असावी?

या आक्षेपात तथ्य आहे, आणि या तंत्राचा इतिहास पाहिला तर ते अधिकच जाणवते. 'टर्मिनेटर साल्व्हेशन' (२००९) मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचा १९८४ चा चेहरा रोलंड किकिंगर यांच्या शरीरावर बसवण्यात आला. तेथे तो चेहरा कारखान्यात तयार होणाऱ्या यंत्राचा आहे. 'ट्रॉन : लेगसी' (२०१०) मधील क्लू हा स्वतःच्या निर्मात्याचा चेहरा धारण केलेला, वय न वाढणारा संगणकीय आज्ञावलीचा पुरुष आहे. जेफ ब्रिजेस यांचा तरुण, काहीसा निर्जीव चेहरा त्याला शोभतो. त्यातला कृत्रिमपणा हा पात्राचाच गुण ठरतो. 'एलियन : रोम्युलस' (२०२४) ची कथा १९७९ च्या 'एलियन' आणि १९८६ च्या 'एलियन्स' यांच्या मधल्या काळात घडते. त्यात २०२० मध्ये निवर्तलेल्या आयन होम यांचा चेहरा पुन्हा दिसतो. पण होम यांनी पूर्वी केलेले पात्र मानवसदृश यंत्राचे होते आणि नवे पात्र रूक हे त्याच घडणीचे दुसरे यंत्र आहे. एकाच साच्यातून अनेक चेहरे निघावेत, हे त्या कथेतील कंपनीच्या स्वभावाला धरूनच आहे.

या तिन्ही ठिकाणी संहितेने तंत्राला एक कारण पुरवलेले आहे. चेहरा उसना आहे ही गोष्ट कथेच्या आत अर्थपूर्ण आहे. म्हणून संगणकनिर्मित चेहरा सर्वत्र त्याज्य मानणे युक्त होणार नाही. परंतु त्याच 'ट्रॉन : लेगसी'च्या आरंभी १९८९ सालातील प्रसंगात एक बाप आपल्या लहान मुलाला गोष्ट सांगतो आणि त्यालाही तोच संगणकनिर्मित चेहरा आहे. तेथे यंत्राचे निमित्त उरत नाही आणि क्लूच्या बाबतीत गुण ठरलेला निर्जीवपणा बापाच्या बाबतीत उणीव ठरतो. टार्किन आणि लेया ही या दुसऱ्या प्रकारची पात्रे आहेत. ती माणसे आहेत. यंत्रांच्या आडून आलेले तंत्र येथे माणसांसाठी वापरले गेले आणि संहितेने त्याचे कारण द्यायचे राहून गेले.

दुसरा आक्षेप असा : कथा १९७७ च्या चित्रपटाला इतकी लागून असताना वेगळा नट घेतला असता तर सातत्य तुटले असते. हा आक्षेप ही मालिकाच खोडून काढते. तिच्यातील सर्वांत गाजलेले पात्र डार्थ व्हेडर हे मुळात एका नटाचे नाहीच. १९७७ मध्ये शरीर डेव्हिड प्राउज यांचे आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा होता. १९८३ मध्ये मुखवट्याआडचा चेहरा सेबॅस्टियन शॉ यांचा निघाला. २००२ आणि २००५ च्या पूर्वकथापटांत तारुण्य हेडन क्रिस्टेन्सन यांनी केले. ओबी-वान केनोबीची भूमिका अॅलेक गिनेस यांच्यानंतर १९९९ पासून यूअन मॅक्ग्रेगर यांनी स्वतःची करून घेतली. खुद्द टार्किनही २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये रंगभूषा केलेल्या वेन पायग्रॅम यांच्या रूपात क्षणभर दिसला होता. मालिकेबाहेर पाहिले तर 'स्टार ट्रेक' (२००९) मध्ये झॅकरी क्विंटो यांचा तरुण स्पॉक आणि लेनर्ड निमॉय यांचा वृद्ध स्पॉक एकाच दृश्यात समोरासमोर उभे राहतात आणि पात्राची एकात्मता भंगत नाही.

सर्वांत बोलका पुरावा 'अँडोर' या दूरचित्रमालिकेचा (२०२२ आणि २०२५). ही 'रोग वन'ची पूर्वकथा. जेनेव्हीव्ह ओ'रायली यांनी तीत मॉन मॉथ्माला दुभंगलेले कौटुंबिक जीवन, भय आणि राजकीय धैर्य दिले. १९८३ मध्ये जेमतेम एका प्रसंगापुरते असलेले पात्र दुसऱ्या नटीच्या हाती पडल्यामुळे वाढले. त्याच मालिकेच्या २०२५ मधील भागात बेल ऑर्गाना हे पात्र जिमी स्मिट्स यांच्याऐवजी बेंजामिन ब्रॅट यांनी केले, आणि हे कथानक 'रोग वन'ला, जेथे पुन्हा स्मिट्स दिसतात, थेट जाऊन भिडते. तरीही कथा कोठे खंडित होत नाही. पात्राचे सातत्य कृतीत, वाणीत आणि नैतिक निवडीत असते, चेहऱ्यात ते असलेच पाहिजे असे नाही, हे प्रेक्षकाला सिद्धान्ताविना समजते.

६

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कल्पनेचा आधार घेऊन अनेक समीक्षक म्हणतात की, माणसासारख्या पण पुरत्या माणसासारख्या नसलेल्या आकृतीमुळे वाटणारी अस्वस्थता हाच येथील दोष आहे. हे निदान खरे मानले तर तंत्र सुधारताच दोष संपेल. वरील विवेचन मान्य केल्यास तसे म्हणता येणार नाही. चेहरा संपूर्णपणे निर्दोष साधला तरी अनुकार्याच्या जागी नटच बसलेला राहील. किंबहुना तेव्हा ते कळेनासे होईल, आणि समीक्षेचे काम अधिक कठीण होईल.

यात पणाला काय लागले आहे? २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांच्या संघटनेने ११८ दिवस संप केला. संगणकीय प्रतिकृतीसाठी नटाची संमती आणि मोबदला हे त्यातील प्रमुख मुद्द्यांपैकी होते. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने मृत कलावंतांच्या प्रतिकृतींबाबत वारसांची संमती आवश्यक करणारा कायदा केला. हे आवश्यकच होते. परंतु कायदा चेहऱ्याकडे मालमत्ता म्हणून पाहतो. संमती मिळाली म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, अशी त्याची धारणा असते. भूमिकेचे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

भूमिका ही एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी गोष्ट आहे. नट जातो, भूमिका मागे राहते आणि दुसरा कोणी तिच्यात उभा राहतो, या क्रमावर अभिनयाची परंपरा चालत आलेली आहे. टार्किनच्या बाबतीत हा क्रम प्रत्यक्षात घडलाही होता. गाय हेन्री उभे राहिले, त्यांनी संवाद म्हटले, दृष्टी रोखली, श्वास घेतला. त्या दृश्यांत जो काही जिवंतपणा आहे तो त्यांचा आहे. श्रेयनामावलीत त्यांचे नावही आहे. पडद्यावर मात्र त्यांना स्वतःचा चेहरा नाही. कुशिंग यांचे यात काय झाले हे आपण विचारतो, आणि विचारायलाच हवे; हेन्री यांचे काय झाले हे फारसे कोणी विचारत नाही. एका नटाला त्याच्या पूर्ण झालेल्या कामातून निवृत्त होता आले नाही, आणि दुसऱ्याला आपल्या कामात दिसता आले नाही.

असे चित्रपट यापुढेही येत राहतील. त्यांच्याविषयी लिहिताना चेहरा किती जुळला याची मोजदाद तंत्रज्ञांवर सोपवावी. समीक्षकाने पाहावयाचे ते हे की, उसन्या चेहऱ्याला संहितेने काही अर्थ दिला आहे काय; त्या चेहऱ्याने पात्राला नवे काही होऊ दिले आहे काय; आणि त्याच्यामागे उभे राहून भूमिका करणारे नट कोण होते. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखात नावानिशी दिले गेले, तरी अभिनयाच्या समीक्षेने आपले कर्तव्य बऱ्याच अंशी केले असे म्हणता येईल.